चकव्याचा मणी आणि गाठीगाठीचा धागा

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. राजा शूर होता, न्यायी होता, पण 'नको' हा शब्द ऐकायची त्याच्या कानांना सवय नव्हती. राणी निवर्तली होती. एकच कन्या होती, तिचे नाव शाल्मली. राजाचे तिच्यावर प्रेम होते आणि तिचे राजावर. राज्यात पाऊसपाणी वेळेवर होत असे, आणि लोक हाती घेतलेले काम पुरे करूनच झोपत असत.

एकदा राजा दूर उत्तरेला शिकारीला गेला. हरणामागे धावता धावता स्वार मागे राहिले, हरीण दिसेनासे झाले, आणि राजा एका काळ्या डोंगरापाशी एकटाच येऊन ठेपला. डोंगरात गुहा होती. गुहेत दगडाची पेटी होती. पेटीत कबुतराच्या अंड्याएवढा नीलमणी होता आणि मण्याच्या आत धुके फिरत होते. गुहेच्या तोंडाशी निवडुंगावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला,

"राजा, तो मणी नेऊ नकोस."

"कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाही. म्हणूनच नेऊ नकोस."

राजाने मणी खोगिराच्या पिशवीत टाकला आणि घोडा फिरवला.

राजधानीत सोनाराने मणी मुकुटात बसवायला घेतला. छिन्नीचा पहिला घाव बसताच मण्याला केसाएवढी चीर गेली. चिरेतून वाफेसारखे काहीतरी निघाले आणि खिडकीतून बाहेर गेले. सोनाराने ते पाहिले. राजाला सांगावे म्हणून तो उठला, दारापर्यंत गेला, आणि दारातच उभा राहिला. आपण कशासाठी उठलो, ते त्याला आठवेना. मग तो परत येऊन बसला आणि त्याने मणी मुकुटात जडवला.

त्या मण्यात चकवा कोंडलेला होता. रानातला चकवा वाटसरूला एकाच झाडाभोवती फिरवतो आणि उजाडले की सोडतो. हा चकवा पायांना लागत नसे, मनाला लागत असे. आणि उजाडले तरी सोडत नसे. माणूस ज्या कामाला निघे, ते काम अर्ध्या वाटेत त्याच्या मनातून गळून पडे.

बायका घागरी घेऊन विहिरीवर जात आणि विहिरीत डोकावून रिकाम्या घागरी घेऊन परत येत. न्हावी अर्धी हजामत करून वस्तरा पुसून ठेवी आणि गिऱ्हाईक तसेच उठून घरी जाई. एक वरात नवरीच्या गावाला निघाली ती वाजत गाजत तिसऱ्याच गावात शिरली, आणि तिथल्या लोकांनीही पंगत मांडली, कारण आपल्या घरी लग्न नाही हे त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते. लोक आधी हसले. मग एका दुपारी चौघांनी एक तिरडी भर बाजारात खाली ठेवली आणि ते आपापल्या घरी गेले. संध्याकाळपर्यंत ते प्रेत तिथेच होते. त्यानंतर कोणी हसले नाही.

पेरणीचे दिवस आले. शेतकरी बियाणे घेऊन शेतावर गेले, बांधावर बसले आणि बियाणे घेऊन परत आले.

मणी राजाच्या कपाळावर होता, म्हणून राजाला चकवा सर्वांत जास्त लागला. तो दिवसभर सिंहासनावर बसून राही. न्याय द्यायला हात उचली आणि उचललेल्या हाताकडे बघत राही. एके सकाळी शाल्मली त्याच्या पाया पडायला गेली, तेव्हा त्याने विचारले,

"मुली, तू कोणाची?"

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आले. मग पाणी का आले तेही ती विसरली, आणि ओल्या गालांना हात लावून आश्चर्य करीत गच्चीवर गेली.

गच्चीच्या कठड्यावर तो भारद्वाज येऊन बसला होता.

"राजकन्ये," तो म्हणाला, "राज्याला चकवा लागला आहे. बियाणं कणगीतच राहिलं, तर पुढच्या वर्षी चुली पेटणार नाहीत. काळ्या डोंगरावर कुहर नावाचा मांत्रिक आहे. चकव्याला त्यानेच कोंडलं होतं. पुन्हा कसं कोंडायचं, ते त्यालाच ठाऊक."

"मी जाते," शाल्मली म्हणाली. "पण वाटेत विसरले तर?"

"विसरशीलच."

"मग तू सोबत चल. मी का निघाले, ते मला रोज सांग."

"वाट सांगेन. कारण सांगणार नाही."

"का?"

"चकव्याच्या अमलात मी सांगितलेलं कारण आणि चकव्याने सांगितलेलं कारण सारखंच ऐकू येतं. एकदा दुसऱ्याच्या तोंडून कारण घ्यायची सवय लागली, की तू दोघांचंही घेशील."

"मग मी कशाच्या आधाराने चालू?"

"सकाळी तोंड धू. उगवती उजव्या हाताला ठेव आणि चाल. सूर्य दिसला नाही तर बसून राहा. मागे फिरू नकोस. एवढंच."

शाल्मलीने झोळीत दोन लुगडी, थोडे पीठ आणि एक तांब्या घेतला आणि ती तशीच निघाली. पुन्हा दालनात जाऊन वडिलांचा निरोप घ्यावा असे तिला वाटले. पण तिथे गेलो तर तिथेच राहू, हे तिने जाणले.

वेस ओलांडेपर्यंत तिला सगळे आठवत होते. ओढा ओलांडला तेव्हा तिला एवढेच आठवत होते की कोणाचे तरी काहीतरी दुखते आहे. टेकडी चढून गेली तेव्हा तेही राहिले नाही. राहिली ती उगवती, उजवा हात, आणि पुढे पुढे उडणारा तांबड्या पंखांचा पक्षी.

ती चालू लागली.

वाटेतल्या गावांत लोक विचारीत, "बाई, कुठं निघालात?"

"उत्तरेला."

"कशासाठी?"

"ते माहीत नाही."

कोणी तिला वेडी म्हणत, कोणी भाकरी देत. एका गावच्या पाटलीणबाईने तिला ओसरीवर बसवले, तिच्या पायांतले काटे काढले आणि म्हटले, "पोरी, जिचं काम तिलाच ठाऊक नाही, तिनं उन्हात कशाला वणवण करावी? माझ्याजवळ राहा. मला लेक नाही." शाल्मलीला ते पटले. पाटलीणबाईचे म्हणणे चूक आहे असे तिला कुठेच दिसेना. तिने सकाळी तोंड धुतले, पाटलीणबाईच्या पाया पडली आणि ओसरीच्या पायऱ्या उतरली. उतरताना तिचे तिलाच नवल वाटत होते.

मग आभाळाचे दिवस आले. सूर्य दिसेना. ती एका कातळाखाली बसून राही. बसलेले दिवस चाललेल्या दिवसांपेक्षा जड गेले. चालताना पाय दुखत, बसल्यावर मन दुखू लागे. आपण कोण? आपल्याला कोणी हाकलून दिले काय? की कोणाचा जीव घेऊन आपण पळालो? अंगात ताप होता आणि पीठ संपले होते. भारद्वाज समोरच्या झुडपात गोगलगायी टिपून खात होता.

"सांग मला!" ती ओरडली. "तुला ठाऊक आहे. मी का निघाले?"

भारद्वाजाने मान वाकडी केली. "आज तोंड धुतलंस?"

"नाही."

"आधी तोंड धू."

ती चिडली. तिने तांब्या त्याच्यावर भिरकावला. तो उडून दुसऱ्या फांदीवर बसला. मग बऱ्याच वेळाने ती उठली, गडगडत गेलेला तांब्या शोधला, ओहळाचे पाणी घेतले आणि तोंड धुतले. त्याने काही उलगडले नाही. फक्त तोंड स्वच्छ झाले. पण ती रडत बसली नाही, आणि पुढे कधीतरी सूर्य निघाला.

काळ्या डोंगराच्या माथ्यावर मांत्रिक कुहर बसला होता. तो इतका जुना होता की त्याच्या दाढीतून वेली वर चढल्या होत्या आणि खांद्यांवर शेवाळ वाढले होते. त्याने डोळे उघडले.

"का आलीस?"

"माहीत नाही, स्वामी."

"इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतो."

"सांगण्यासारखं माझ्याजवळ असतं, तर मीही सांगितलं असतं."

कुहराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तीन कामं आहेत. करशील?"

"ती केल्याने काय होईल?"

"ते सांगता येणार नाही."

शाल्मलीने डोंगराखाली पाहिले. ज्या वाटेने ती आली ती वाट खूप लांब होती आणि तिचा उगम दिसत नव्हता. "करते," ती म्हणाली. "नाहीतरी इथवर तशीच आले."

"मावळतीला दोन सुळक्यांच्या मध्ये कोळीण राहते. तिच्याकडून धागा आण. हे पहिलं."

ती कोळीण म्हशीएवढी मोठी होती. दोन सुळक्यांमध्ये तिने जाळे बांधले होते, आणि जाळे अर्धे फाटलेले होते.

"कोळीणबाई, मला धागा हवा आहे."

"माझं जाळं पुरं करून दे," कोळीण म्हणाली. "मग नेशील तेवढा ने."

कोळीण धागा सोडी, शाल्मली तो इकडून तिकडे नेऊन बांधी. दिवसभरात जाळे बहुतेक पुरे होई. संध्याकाळी दरीतून वारा उठे आणि एका फटक्यात जाळे फाडून टाके. शाल्मली सकाळी उठे, तोंड धुई, तुटके धागे झटकून टाकी आणि नव्या धाग्याने पुन्हा सुरुवात करी. संध्याकाळी पुन्हा वारा येई. असे किती दिवस चालले ते कोणी मोजले नाही. तिच्या बोटांना चिरा पडल्या. कधी ती रडली. कधी वाऱ्याला शिव्या दिल्या. कधी नुसती बघत राहिली.

कोळीण एकदा म्हणाली, "कशासाठी विणतेस, ते तरी आठवतं का?"

"नाही."

"मग जा की. मी कुठे तुला बांधलं आहे?"

शाल्मली खरोखरच उठली. चार पावले गेली आणि थांबली. पायाशी तुटके धागे पडले होते, तिच्याच हातांनी रोज बांधलेले आणि रोज तुटलेले. तिला त्यांची दया आली. ती खाली बसली आणि एक तुटके टोक दुसऱ्या तुटक्या टोकाला बांधू लागली. त्या दिवशी तिने नवा धागा मागितलाच नाही. गाठीमागून गाठ मारीत ती जुनेच धागे जोडत गेली. संध्याकाळी वारा आला. जाळे हलले, ताणले गेले, करकरले. पण गाठींनी वारा अडवला आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला.

कोळीण आठही पायांवर उभी राहिली.

"हाच धागा ने," ती म्हणाली. "माझा अखंड धागा तुझ्या उपयोगाचा नव्हता. तुला जे बांधायचं आहे, ते अखंड धाग्यावरून घसरतं. गाठीगाठीच्या धाग्यावरून घसरत नाही."

"मला काय बांधायचं आहे?"

"धागा ने," कोळीण म्हणाली.

शाल्मलीने धागा गुंडाळून कुहराच्या पुढे ठेवला. कुहराने गाठींवरून बोट फिरवले आणि मान हलवली.

"दक्षिणेला एक राजधानी आहे. तिथल्या राजाच्या मुकुटात चीर गेलेला नीलमणी आहे. तो आण. हे दुसरं."

"राजा देईल?"

"तो नकार देणाऱ्यांतला होता. आता कशातला आहे, कोणास ठाऊक."

भारद्वाज म्हणाला, "उगवती डाव्या हाताला ठेव," आणि पुढे उडाला.

ती राजधानीला पोहोचली तेव्हा भर दुपार होती. वेशीवर पहारेकरी उभा होता. त्याने भाला आडवा धरला, मग भाला कशासाठी धरला ते विसरून तो उभा केला. रस्त्यांत गवत वाढले होते. घरांची दारे उघडी होती. लोक ओट्यांवर बसून आपापल्या हातांकडे बघत होते. एका पाळण्यात मूल रडत होते आणि त्याची आई पाळण्याजवळ उभी राहून विचार करीत होती. शाल्मलीने मूल उचलून आईच्या छातीशी दिले. मूल गप्प झाले. "हां," आई म्हणाली, "हेच मला आठवत नव्हतं."

चकवा तिथे दाट होता, सकाळच्या धुक्यासारखा. प्रत्येक पावलागणिक शाल्मलीच्या मनातून काहीतरी गळत गेले. वाड्याच्या पायऱ्यांवर कुहराचे नाव गेले. दरबाराच्या दारात मण्याची आठवण गेली. सिंहासनासमोर ती पोहोचली तेव्हा तिच्याजवळ काहीच उरले नव्हते. भारद्वाज वर झरोक्यात बसला होता. त्यालाही इथे पुढची वाट सांगता येत नव्हती, कारण पुढे वाटच नव्हती.

सिंहासनावर एक म्हातारा बसला होता. त्याने किती दिवसांत अन्न घेतले नव्हते, देव जाणे. त्याच्या डोक्यावर जड मुकुट होता. मुकुटाची कडा कपाळात रुतली होती आणि तिथे जखम झाली होती. जखमेवर माशा बसत होत्या.

शाल्मली त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"दुखतं का?" तिने विचारले.

"दुखतं."

"मग उतरवत का नाही?"

"उतरवायला हात वर नेतो," म्हातारा म्हणाला, "आणि हात वर का नेला, ते विसरतो."

शाल्मलीने दोन्ही हातांनी मुकुट धरला. तो चिकटला होता. तिने लुगड्याचा पदर पाण्यात भिजवून कडेने हळूहळू जखम ओली केली आणि मुकुट सोडवला. म्हाताऱ्याने डोळे मिटले. तिने जखम धुतली, पदराची पट्टी फाडून कपाळाला बांधली.

"तू कोण?" त्याने विचारले.

"आठवत नाही. तुम्ही कोण?"

"मलाही आठवत नाही."

दोघे थोडा वेळ शेजारी बसले. दोघांनाही बरे वाटत होते आणि का ते दोघांनाही कळत नव्हते. मग म्हातारा म्हणाला, "हा मुकुट घेऊन जा. माझ्याजवळ ठेवलास तर मी पुन्हा डोक्यावर घालीन."

शाल्मलीने मुकुट झोळीत टाकला. बाहेर आली तेव्हा उन्हे कलली होती. झरोक्यातून भारद्वाज उडाला. त्याच्या मागे जावे की म्हाताऱ्याजवळ बसावे, हे तिला ठरवता येईना. तिचे पाय दोनदा मागे वळले. तिसऱ्यांदा ती पक्ष्यामागे गेली. पण त्या म्हाताऱ्यासाठी ती वाटभर मागे वळून बघत होती, आणि आपण याचे कोण लागतो की एवढे वाईट वाटावे, हे कोडे तिला काळ्या डोंगरापर्यंत सुटले नाही.

कुहराने मुकुटातला मणी काढून तिच्या हातावर ठेवला. त्याने जमिनीवर राखेचे रिंगण आखले.

"यात बस. मण्याला धागा गुंडाळ. ज्याचा हा मणी कोंडवाडा आहे, तो येईल आणि बोलेल. धागा संपेपर्यंत हात थांबवू नकोस. हे तिसरं."

"तो विचारील त्याचं काय उत्तर देऊ?"

कुहराने राखेची बोटे दाढीला पुसली. "मी दिलं होतं ते देऊ नकोस."

"तुम्ही काय दिलं होतं?"

"आठवत नाही," मांत्रिक म्हणाला.

सूर्य डोक्यावर आला. रिंगणात सावली उरली नाही. शाल्मलीने मण्याभोवती धाग्याचा पहिला वेढा घातला. दूर राजधानीत गल्लोगल्ली पसरलेल्या चकव्याला ओढ बसली, आणि तो डोंगरावर आला.

आधी तो एका स्त्रीच्या रूपात आला. तिचे लुगडे हिरवे होते आणि डोळे मायेचे होते.

"बाळ," ती म्हणाली, "तू मला शोधायला निघाली होतीस. मी तुझी आई. ऊठ, मी सापडले."

शाल्मलीचा जीव गलबलला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. "असेल," ती म्हणाली. "मला माहीत नाही." हात फिरत राहिले.

मग तो सोनेरी चिलखताच्या सेनापतीच्या रूपात आला. त्याच्या मागे घोडे फुरफुरत होते. "राजकन्ये, तू राज्य घ्यायला निघाली होतीस. एका दुबळ्या राजाचं राज्य मोडकळीला आलं आहे. मुकुट तर तू आणलाच आहेस. फौज मी आणली आहे."

हे अधिक खरे वाटले. मुकुट खरोखरच समोर पडला होता. "असेल," शाल्मली म्हणाली. "मला माहीत नाही." हात फिरत राहिले. धागा अर्ध्यावर आला.

मग चकवा तिच्याच रूपात आला. तेच फाटके लुगडे, तीच चिरलेली बोटे. ती दुसरी शाल्मली रिंगणाबाहेर उकिडवी बसली आणि शांतपणे बोलली.

"तू कशासाठीच निघाली नव्हतीस. एका पक्ष्याने वाट दाखवली आणि तू चालत सुटलीस. कारण विसरलं नाही, कारण नव्हतंच. आठव, आभाळाच्या दिवसांत तुला हेच वाटत होतं."

हात थांबले.

तिला हेच वाटत होते, हे खरे होते. कातळाखाली, ओसरीवर, जाळ्यापाशी, सगळीकडे वाटत होते. समोरची शाल्मली खोटे बोलते आहे असे म्हणायला तिच्याजवळ एकही पुरावा नव्हता. धागा सैल पडू लागला. कुहराने मान खाली घातली.

शाल्मलीने हातातल्या मण्याकडे पाहिले. बरेचसे वेढे झाले होते. थोडा धागा उरला होता.

"असेल," ती म्हणाली. "कारण नसेलही. मला माहीत नाही. एवढा धागा गुंडाळून होऊ दे, मग बसून विचार करीन."

आणि तिने पुढचा वेढा घातला.

चकव्याला फिरायला वाट लागते. माणसाने 'होय' म्हटले की त्या 'होय'वरून तो चालतो, 'नाही' म्हटले की त्या 'नाही'वरून. 'माहीत नाही' या शब्दांत त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. तो रिंगणाभोवती फिरला, तिन्ही रूपे एकदम घेऊन पाहिली, मग धुके झाला. शेवटच्या गाठीशी धुके चिरेतून मण्यात शिरले आणि चीर मिटली.

डोंगरावर वारा सुटला. आणि शाल्मलीला आठवले. सगळे एकदम आठवले. गच्ची, पेरणी, बाजारातली तिरडी, निघतानाची वेस. मग तो म्हातारा आठवला. कपाळाची जखम आठवली.

"ते बाबा होते," ती म्हणाली आणि मोठ्याने रडू लागली. "मी त्यांना विचारलं, तुम्ही कोण!"

भारद्वाज पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर येऊन बसला.

तेवढ्यात मागे खदखदून हसण्याचा आवाज आला. कुहर उभा राहिला होता. दाढीतल्या वेली तुटून पडल्या होत्या.

"गाय!" तो म्हणाला. "मुली, मी गाय शोधायला आलो होतो! गुराखी होतो मी. पवळी कळपातून चुकली म्हणून डोंगरावर चढलो. चकवा भेटला, म्हणाला, तू सिद्धी मिळवायला आला आहेस. मी होय म्हटलं. आणि खरोखरच सगळ्या सिद्धी मिळाल्या. त्यांच्या बळावर मी त्यालाही कोंडलं. पण का आलो होतो, ते काही आठवेना." हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "किती वर्षं झाली असतील गं? घरी म्हातारी वाट बघत होती."

शाल्मलीने त्याच्या पायांवर डोके ठेवले. तो तिच्या पाठीवरून हात फिरवून डोंगर उतरू लागला. खूप खाली गेल्यावरही त्याची हाळी ऐकू येत होती, गुराखी गाईला घालतात तशी. आता गाय नव्हती, गावही नसेल. तरी तो गेला.

शाल्मलीने मणी दगडी पेटीत ठेवला, गुहेच्या तोंडाशी शिळा लोटली आणि ती घरी निघाली.

राजधानीत विहिरींवर रहाट करकरत होते. न्हावी अर्ध्या हजामतीची माणसे शोधीत फिरत होता. चुकलेली वरात खऱ्या गावाला पोहोचली होती आणि नवरीने आधी सगळ्यांना फैलावर घेऊन मग माळ घातली होती. शेतांत तिफणी चालल्या होत्या. उशीर झाला होता, पीक कमी येणार हे सगळ्यांना दिसत होते. तरी बी मातीत पडत होते.

राजा धवलकेतू वेशीबाहेर येऊन थांबला होता. त्याचे डोके उघडे होते आणि कपाळाला अजून ती पट्टी होती. शाल्मली त्याच्या पाया पडली. तिने झोळीतून मुकुट काढून पुढे केला. मण्याच्या जागी खळगा होता. राजाने मुकुट घेऊन बाजूला ठेवला.

"मी तुला विचारलं होतं, तू कोणाची," तो म्हणाला. "चकवा उतरला तरी ते विसरता आलं नाही."

"मलाही नाही, बाबा."

"त्या दुपारी तू मला ओळखलंस का?"

शाल्मलीला खोटे बोलता आले असते. "नाही," ती म्हणाली.

"आणि मणी न्यायचा आहे, हे आठवत होतं?"

"नाही. तेही नाही."

"मग मुकुट का उतरवलास?"

"तुम्हाला दुखत होतं."

राजाने लेकीचा चिरा पडलेला हात आपल्या हातात घेतला, आणि दोघे पेरणी चाललेल्या शेतांमधून घराकडे चालू लागले.

त्या राज्याला त्याची वाट गवसली. हे ऐकणारे जे कोणी आज भरून आलेल्या आभाळाखाली बसून असतील, त्यांच्यावरही ऊन पडो.